ई-मेलच्या वेशीवरील पहारा

रायगडावरील हिरकणीची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? गडाखालच्या वाडींतील ही गवळण दूध घालण्यासाठीं गडावर गेली. काम आटोपतां आटोपतां सूर्य मावळला आणि शिरस्त्याप्रमाणें गडाचे दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल एकटें होतें. तिनें पुष्कळ विनवण्या केल्या. परंतु पहारेकऱ्यांनीं दरवाजा उघडला नाहीं. यांत त्यांचा अपराध नव्हता. सूर्यास्तानंतर दरवाजा कोणासाठींहि उघडूं नये, असा त्यांना हुकूम होता. शेवटीं ती माउली अंधारांत कडा उतरून घरीं पोंचली. महाराजांच्या कानीं ही हकीकत गेली, तेव्हां त्यांनीं तिचा गौरव केला, आणि ज्या कड्यावरून ती उतरली तेथें बुरूज बांधविला, असें परंपरा सांगते.

पहाऱ्याचा सगळा प्रश्न या लहानशा कथेंत आला आहे. शत्रूला वाट मिळूं द्यावयाची नाहीं आणि निरपराध्याला अडवावयाचें नाहीं, या दोन गोष्टी एकाच पहारेकऱ्यानें एकाच वेळीं कशा साधाव्या? हाच प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत ई-मेलच्या वेशीवर उभा राहिला. नको असलेलीं जाहिरातवजा पत्रें, म्हणजे स्पॅम, आणि पत्राच्या पोटांत लपून येणारे व्हायरस यांना अडविण्यासाठीं जो पहारा बसविण्यांत आला, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत विजय आहेत, तशा चुकाहि आहेत. आणि त्या चुकांपासूनच पहारा अधिक शहाणा झाला आहे.

१९७१ सालीं अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें अर्पानेट नांवाच्या जाळ्यावरून एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे पत्र पाठविण्याची सोय केली, आणि माणसाचें नांव व संगणकाचें नांव यांच्यामध्यें आज सर्वत्र परिचित असलेलें ‘ॲट’चें चिन्ह घातलें. त्या काळीं हें जाळें म्हणजे विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील मोजक्या मंडळींचें एक गांव होतें. गांवांत सारे एकमेकांस ओळखतात. तेथें दारांना कुलपें लावण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. तरीहि एका दूरदर्शी पुरुषानें धोक्याची सूचना दिली होती. जॉन पोस्टेल यांनीं १९७५ च्या नोव्हेंबरमध्यें एक छोटें टिपण लिहून असें दाखवून दिलें कीं, नको असलेला निरोप निवडून नाकारण्याचें कांहींच साधन या जाळ्यांतील संगणकाच्या हातीं नाहीं. एखादा संगणक बिघडला, किंवा कोणी खोडसाळपणा केला, तर दुसऱ्याला निमूटपणें सोसावें लागेल. त्या वेळीं ही सूचना वाचून बाजूस ठेवण्यांत आली.

पुढें १९८२ च्या ऑगस्टमध्यें त्याच पोस्टेल यांनीं पत्रांच्या देवघेवीचे नियम लिहून काढले. त्यांस एस.एम.टी.पी. म्हणतात. ही देवघेव म्हणजे दोन सर्व्हरांमधील एक संवाद आहे. पाठविणारा सर्व्हर दार ठोठावून आपलें नांव सांगतो. मग पत्र कोणाकडून आहे तें सांगतो. मग कोणासाठीं आहे तें सांगतो. आणि सर्वांच्या शेवटीं मजकूर देतो. प्रत्येक पायरीवर घेणारा सर्व्हर तीन आंकडी संख्येनें उत्तर देतो. २५० म्हणजे ‘मान्य’. चारानें आरंभ होणारी संख्या म्हणजे ‘आतां नाहीं, मागाहून यावें’. पांचानें आरंभ होणारी संख्या म्हणजे ‘मुळींच नाहीं’.

या संवादांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. कारण पुढील सर्व इतिहास त्यांच्यावर उभा आहे. पहिली अशी कीं, पाठविणाऱ्यानें सांगितलेलें नांव खरें कीं खोटें, हें तपासण्याची तरतूद या नियमांत नव्हती. पोस्टकार्डावर खालीं कोणाचेंहि नांव लिहून तें पेटींत टाकावें, तसा हा प्रकार. दुसरी अशी कीं, मजकूर मिळाल्यावर घेणाऱ्या सर्व्हरनें ‘२५०’ म्हटलें, म्हणजे त्यानें जबाबदारी पत्करली. त्यानंतर तें पत्र मालकाच्या पेटींत पोंचविणें, किंवा पोंचवितां न आल्यास पाठविणाऱ्यास तसें कळविणें, हें त्याचें कर्तव्य झालें. डाकवाल्यानें रजिस्टर पत्राची पावती फाडून द्यावी, त्यासारखेंच हें वचन होय.

गांवचें हें भाबडेपण फार दिवस टिकलें नाहीं. १९७८ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क या विक्रीखात्यांतील गृहस्थानें आपल्या नव्या संगणकांचीं प्रात्यक्षिकें पाहण्याचें निमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें ४०० पत्त्यांवर एकाच वेळीं धाडलें. पत्ते इतके झाले कीं, ते पत्त्याच्या जागेंत न मावतां मजकुराच्या जागेंत उतरले. पुष्कळांनीं तक्रारी केल्या, जाळ्याच्या चालकांनीं कानउघाडणी केली आणि प्रकरण तेवढ्यावर मिटलें. या जातीच्या पत्रांना स्पॅम हें नांव मात्र बऱ्याच वर्षांनीं मिळालें. स्पॅम हें मूळचें हॉर्मेल कंपनीनें १९३७ सालीं बाजारांत आणलेल्या डबाबंद मांसाचें नांव. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी नाट्यप्रवेशांत खाणावळीच्या प्रत्येक पदार्थांत हेंच मांस येतें आणि त्या शब्दाच्या गजरांत बाकीचें बोलणें बुडून जातें. नको असलेल्या मजकुराखालीं कामाचा मजकूर असाच बुडतो, म्हणून तें नांव चिकटलें. १९९४ च्या एप्रिलमध्यें ॲरिझोनांतील वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या एका दांपत्यानें परवान्याच्या सोडतीची एकच जाहिरात यूजनेटच्या हजारों चर्चा-गटांत टाकली, तेव्हां हा शब्द सर्वतोमुखीं झाला.

येथें एक प्रश्न साहजिक उत्पन्न होतो. जाहिरातीचीं पत्रकें कागदी टपालानेंहि येतात; मग ई-मेललाच एवढी व्याधि कां जडली? उत्तर खर्चाच्या हिशेबांत आहे. इंग्लंडांत १८४० पूर्वीं टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्यास द्यावा लागे. रोलंड हिल यांनीं एका पेनीचें तिकीट काढून तो भार पाठविणाऱ्यावर टाकला, आणि हिंदुस्थानांतहि १८५४ पासून सर्व देशभर तिकिटाची एकसारखी पद्धत सुरू झाली. तिकिटासाठीं पदरचा पैसा द्यावा लागला, म्हणजे मनुष्य निरर्थक पत्र लिहिण्यापूर्वीं दोनदां विचार करतो. ई-मेलमध्यें घड्याळाचे कांटे पुन्हा मागें फिरले. पाठविणाऱ्याला हजारावें पत्र जवळजवळ फुकट पडतें. साठवणीची जागा, यंत्राचे श्रम आणि वाचणाऱ्याचा वेळ हा सारा खर्च घेणाऱ्याच्या माथीं बसतो. लाखांतून एक जरी गिऱ्हाईक मिळालें, तरी धाडणाऱ्याचा धंदा चालतो. उपदेशानें जो लोभ आवरत नाहीं, त्याला दारांतच अडविणें भाग पडतें.

पहिला पहारा बसला तो गुन्हेगारांच्या यादीच्या रूपानें. त्या काळचे पुष्कळ सर्व्हर कोणाचेंहि पत्र कोणाकडेहि पुढें धाडीत असत. ही एकेकाळची शेजारधर्माची रीत स्पॅम धाडणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी व त्यांचे सहकारी यांनीं अशा उपद्रवी ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली, आणि तिची चौकशी करण्याची मोठी नामी युक्ति काढली. प्रत्येक संगणकाचा चार आंकड्यांचा पत्ता असतो. तो उलटा करून, इंटरनेटवर नांवांचे पत्ते सांगणारी जी व्यवस्था आहे तिलाच विचारावयाचा. यादींत तो पत्ता असेल तर १२७.०.०.२ यासारखें ठराविक उत्तर येतें; नसेल तर असें कांहीं नाहीं म्हणून उत्तर येतें. ही चौकशी क्षणार्धांत होते व पत्राचा मजकूर घेण्यापूर्वींच होते. १९९८ सालीं स्टीव्ह लिनफर्ड यांनीं लंडनमध्यें स्थापिलेली स्पॅमहाउस ही संस्था याच मार्गानें पुढें जगप्रसिद्ध झाली.

परंतु यादी म्हटली कीं चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा धोका आलाच. एका सर्व्हरवर शंभर कचेऱ्यांचीं पत्रें असावीं, त्यांपैकीं एकीनें आगळीक करावी, आणि नव्व्याण्णवांचीं पत्रें जगभर अडावीं, असे प्रसंग घडले. शिवाय, यादी करणाऱ्यास हा अधिकार दिला कोणी, असाहि प्रश्न निघाला. तो न्यायालयांतहि गेला. आपल्याला यादींत घातल्याबद्दल अमेरिकेंतील एका ई-मेल जाहिरातदारानें स्पॅमहाउसवर दावा लावला. २००६ सालीं एकतर्फी निकालानें त्याला सुमारें १ कोटी १७ लक्ष डॉलरांची भरपाई मंजूर झाली. पुढें पुरावा मागितला असतां ती २७,००२ डॉलरांवर आली. आणि २०११ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती अवघ्या ३ डॉलरांवर आणून ठेवली. तात्पर्य, आपली हानि झाली असें म्हणणें सोपें असतें, ती सिद्ध करणें अवघड असतें. मात्र यादींत नांव चुकून आलें असल्यास तें काढण्याची सरळ वाट ठेवली पाहिजे, हें तत्त्व या वादांतून सर्वमान्य झालें.

याच सुमारास वेशीवर दुसरा शत्रु येऊन ठेपला. १९९९ च्या मार्चच्या २६ तारखेस मेलिसा नांवाचा व्हायरस पसरला. वर्ड या लेखन-साधनाच्या कागदांत तो दडलेला असे. कागद उघडतांच तो वाचणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या ५० जणांस स्वतःची प्रत धाडी. पुढच्या वर्षीं, २००० च्या मे महिन्याच्या ४ तारखेस, फिलिपाईन्समधून ‘आय लव्ह यू’ या मथळ्याचें पत्र निघालें. सोबतच्या लखोट्याच्या नांवाला दोन शेपट्या होत्या. पहिली शेपटी साध्या मजकुराची. दुसरी, जी विंडोजवर बहुधा लपलेली राही, ती आज्ञावलीची. प्रेमपत्र समजून लोकांनीं तें उघडलें, आणि तें त्यांच्या वहींतील सर्वांकडे गेलें. ब्रिटिश पार्लमेंटासह अनेक मोठ्या संस्थांना आपले मेल-सर्व्हर बंद ठेवावे लागले. संशयित सांपडला, परंतु अशा कृत्यास शिक्षा सांगणारा कायदाच त्या देशांत त्या वेळीं नव्हता, म्हणून खटला चालूं शकला नाहीं. कायदा झाला तो नंतर.

या दोन प्रकरणांचा धडा असा कीं, ज्याचें पत्र येतें तो ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबतां येत नाहीं. मेलिसा आणि प्रेमपत्र हीं मित्रांकडूनच येत होतीं. तेव्हां पत्र उघडून पाहणारा पहारेकरी सर्व्हरवरच हवा, हें सर्वांस पटलें. या कामासाठीं ॲमाविस नांवाची आज्ञावली १९९७ च्या सुमारास निघालीच होती. पुढें स्लोव्हेनियांतील मार्क मार्टिनेट्स यांनीं तिची नवी आवृत्ति दीर्घकाळ सांभाळली. तिचें काम जकातनाक्यावरील कारकुनासारखें आहे. पत्र घ्यावें, त्याचीं गांठोडीं सोडावीं, गांठोड्यांतील गांठोडीं सोडावीं, आणि प्रत्येक वस्तु तपासनिसाच्या हवालीं करावी. २००२ सालीं पोलंडांतील टोमाश कोयम यांनीं क्लॅमएव्ही हा तपासनीस सर्वांस मोफत उपलब्ध करून दिला. माहीत असलेल्या प्रत्येक व्हायरसची एक खूण तो बाळगतो व ती मालांत आढळते कीं काय हें पाहतो. खुणांची यादी सतत ताजी ठेवावी लागते. शिळी यादी बाळगणारा तपासनीस असून नसल्यासारखाच. या विद्येंत महाराष्ट्रहि मागें नव्हता. १९९० नंतरच्या दशकांत पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं संगणकदुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून क्विक हील हें व्हायरस-प्रतिबंधक साधन तयार केलें.

सर्व्हरवर असा तपासनीस बसविल्यावर तो जागा आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं खरा व्हायरस आंत सोडणें वेडेपणाचें ठरेल. म्हणून आयकार या युरोपीय संस्थेच्या नांवानें ओळखली जाणारी अवघ्या ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून ठेवलेली आहे. ती कोणास इजा करीत नाहीं. परंतु सर्व तपासनीस तिला व्हायरस समजून पकडतात. आगीच्या बंबाची कवाईत आग नसतांनाच करावयाची असते, त्यांतलाच हा प्रकार.

पण या पहाऱ्यानेंहि आरंभीं एक मोठी चूक केली. व्हायरस सांपडला कीं पाठविणाऱ्यास सावधगिरीचें पत्र धाडावें, असा सौजन्याचा नियम अनेक सर्व्हरांवर होता. पुढें निघालेले व्हायरस खोटें नांव सांगून येऊं लागले. २००३ च्या ऑगस्टमध्यें सोबिग पसरला, तेव्हां त्यानें ज्यांचीं नांवें चोरलीं होतीं त्या निरपराध लोकांवर ‘तुमच्या पत्रांत व्हायरस आहे’ अशा पत्रांचा भडिमार झाला. जे राखणदार गांव वांचविण्यास नेमले होते, तेच रात्रभर आरडाओरड करून गांवाची झोंप मोडूं लागले. तेव्हांपासून तो नियम काढून टाकण्यांत आला.

स्पॅमचा मजकूर ओळखणें हें व्हायरस ओळखण्याहून अवघड. व्हायरसला ठराविक खूण असते. स्पॅम म्हणजे साधी भाषाच असते. एकच शब्द पाहून पत्र अडवावें, तर ‘कर्ज’ हा शब्द सावकाराच्या जाहिरातींत असतो, तसा मुलानें बापास लिहिलेल्या पत्रांतहि असतो. आयर्लंडच्या जस्टिन मेसन यांनीं २००१ सालीं स्पॅमअसॅसिन ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तिनें या अडचणींतून परीक्षकाचा मार्ग काढला. एका उत्तरावरून विद्यार्थ्यास नापास करावयाचें नाहीं. प्रत्येक संशयास्पद लक्षणाला गुण द्यावयाचे, चांगल्या लक्षणांना उणे गुण द्यावयाचे, आणि बेरीज पांचावर गेली तरच पत्रास स्पॅम म्हणावयाचें.

याला जोड मिळाली ती थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या गणिताची. बेझ १७६१ सालीं वारले व त्यांचा निबंध १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेली गाळणी १९९८ सालीं कांहीं संशोधकांनीं मांडली, आणि २००२ च्या ऑगस्टमध्यें पॉल ग्रॅहम यांच्या निबंधानें ती घरोघरीं पोंचली. तिचें तत्त्व शाळेंतील अंकगणितानें समजण्यासारखें आहे. समजा, शंभर स्पॅम-पत्रांपैकीं ४० पत्रांत ‘लॉटरी’ हा शब्द आढळतो, आणि शंभर चांगल्या पत्रांपैकीं दोनांत. तर ज्या पत्रांत तो शब्द आहे तें स्पॅम असण्याची शक्यता ४२ पैकीं ४०, म्हणजे शेंकडा सुमारें ९५. पण त्याच पत्रांत ‘मामंजी’ हा शब्दहि आहे, आणि तो शंभर स्पॅम-पत्रांपैकीं एकांत व शंभर चांगल्या पत्रांपैकीं ३० पत्रांत येतो, असें धरूं. आतां ४० गुणिले १ म्हणजे ४०, आणि २ गुणिले ३० म्हणजे ६०. शक्यता शेंकडा ९५ वरून शेंकडा ४० वर आली. आरोपीच्या बाजूचा एक प्रामाणिक साक्षीदार खटला कसा फिरवितो, हें यावरून दिसून येईल. मात्र ही गाळणी शिकवावी लागते. स्पॅमअसॅसिन किमान २०० स्पॅम व २०० चांगलीं पत्रें दाखविल्याशिवाय या गणिताचा उपयोग करीत नाहीं. आणि हीं चांगलीं पत्रें त्या त्या ठिकाणचींच असावीं लागतात. दुसऱ्या गांवच्या चाळणीनें आपल्या गांवचें धान्य नीट चाळलें जात नाहीं.

चाळणीला भोंक पडतें तें बहुधा कोणाचें लक्ष नसतांना. फार पुढच्या तारखेचीं पत्रें संशयास्पद मानावीं, असा स्पॅमअसॅसिनमध्यें एक नियम होता. आणि ‘फार पुढची तारीख’ म्हणजे २०१० किंवा त्यानंतरची, असें तो लिहिणाऱ्यानें धरलें होतें. तो लिहिला तेव्हां तें सालहि दूरच होतें. पण काळ कोणासाठीं थांबत नाहीं. २०१० च्या जानेवारीची पहिली तारीख उजाडली, आणि त्या दिवशींचें प्रत्येक पत्र भविष्यकाळांतून आल्याच्या आरोपावरून दोषी ठरूं लागलें. पांचापैकीं मोठा वाटा प्रत्येकाच्या नांवावर आधींच चढला. मग एखादें बारीकसें लक्षणहि त्यास स्पॅमांत लोटण्यास पुरे झालें. नव्या वर्षाचीं अभीष्टचिंतनें स्पॅमच्या पेटींत जाऊन पडलीं. विशेष हें कीं, ही चूक पूर्वींच लक्षांत आली होती व पुढील आवृत्तीच्या मसुद्यांत ती दुरुस्तहि झाली होती. पण ती दुरुस्ती प्रत्यक्ष पहाऱ्यावर असलेल्या सर्व्हरांपर्यंत कोणी पोंचविली नव्हती. ती त्या दिवशीं धांवपळ करून पोंचविण्यांत आली.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें दुसरा प्रसंग घडला. क्लॅमएव्हीची जुनी आवृत्ति तिच्या चालकांनीं आगाऊ सूचना देऊन बंद पाडली. परंतु ज्यांनीं ती सूचना वाचली नव्हती त्यांचे तपासनीस अचानक झोंपले, आणि त्यांच्या मागें टपालहि तुंबलें. पहारेकरी भोवळ येऊन पडला तर दरवाजा उघडा राहावा कीं बंद, हा प्रश्न सर्व्हर उभारणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं सोडविला पाहिजे, हें यावरून दिसून आलें. शहाणपणाचें उत्तर तिसरेंच आहे. चारानें आरंभ होणारा आंकडा देऊन ‘मागाहून यावें’ म्हणावें. पत्र पाठविणाऱ्याकडे सुरक्षित राहतें आणि पहारेकरी सावध झाल्यावर पुन्हा येतें.

याच चाराच्या आंकड्यावर २००३ सालीं इव्हान हॅरिस यांनीं एक सुंदर युक्ति बसविली. अनोळखी सर्व्हरकडून प्रथमच पत्र आलें, कीं त्यास ‘मागाहून या’ म्हणून परत लावावें. खरा सर्व्हर नियमाप्रमाणें कांहीं वेळानें पुन्हा येतो. घाईंत लाखों पत्रें उधळणारी स्पॅमची आज्ञावली बहुधा परतत नाहीं. पण शत्रूहि शिकत असतो. पुन्हा दार ठोठावण्यास तोहि शिकला. व्हायरसांनीं ताब्यांत घेतलेले सामान्य लोकांचे संगणकच आतां स्पॅमचे कारखाने बनले होते. त्यांची सूत्रें कोठें एकवटलीं होतीं, हें २००८ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस दिसलें. कॅलिफोर्नियांतील एका कंपनीचे इंटरनेटचे दोर त्या दिवशीं तोडण्यांत आले, तेव्हां जगांतील स्पॅम निम्म्याहून अधिक घटल्याचें निरीक्षकांना आढळलें. कांहीं महिन्यांत त्यानें पुन्हा डोकें वर काढलें, ही गोष्ट निराळी.

या अनुभवांतून आज मेल-सर्व्हर उभारण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्यांत पहाऱ्याचा क्रम ठरलेला असतो. स्वस्त चौकशी आधीं, महाग तपासणी शेवटीं. बाहेरच्या दारांत पोस्टफिक्ससारखा सर्व्हर उभा असतो; तो विएत्से वेनेमा यांनीं १९९८ च्या सुमारास तयार केला. येणारा नियमानें बोलतो कीं नाहीं, ज्याच्यासाठीं पत्र आणलें तो मनुष्य येथें राहतो कीं नाहीं, पत्ता गुन्हेगारांच्या यादींत आहे कीं काय, हें तो दारांतच विचारतो. यांतून जें उरतें तें ॲमाविसकडे जातें. परंपरेनें १००२४ क्रमांकाच्या आंतील दारानें पत्र तपासणीस जातें आणि १००२५ क्रमांकाच्या दारानें परत येतें. तेथें क्लॅमएव्ही व्हायरस शोधतो आणि स्पॅमअसॅसिन गुण देतो.

पण या रचनेंत एक नैतिक पेंच दडलेला आहे. तपासणी होण्यापूर्वींच दारावरील सर्व्हरनें ‘२५०’ म्हणून पावती फाडून दिली असेल, तर नंतर दोष सांपडल्यावर त्यानें काय करावें? परत धाडावें, तर खोटें नांव असलेल्या निरपराध्याच्या दारीं तें जाऊन पडतें. गुपचूप फेकून द्यावें, तर दिलेलें वचन मोडतें. आणि तें पत्र खरें असलें, तर पाठविणारा ‘पोंचलें’ म्हणून निश्चिंत राहतो व घेणारा ‘आलेंच नाहीं’ म्हणून वाट पाहत राहतो. नोकरीचें बोलावणें, दवाखान्याचा निरोप, परीक्षेच्या फीची शेवटची तारीख, यांपैकीं कांहींहि त्यांत असूं शकेल. यासाठीं जाणत्या चालकांनीं असा दंडक घातला कीं, नाकारावयाचें तें संवाद चालूं असतांनाच, पांचाचा आंकडा देऊन, तोंडावर नाकारावें. म्हणजे खऱ्या पाठविणाऱ्यास तात्काळ कळतें. संशय असेल तें पत्र वेगळ्या पेटींत ठेवावें व मालकास तें पाहतां यावें. न सांगतां नष्ट करणें हा अगदीं शेवटचा उपाय. व्हायरसाची खूण निश्चित पटली असेल तेथेंच तो योग्य.

कायद्याची चाळणीहि याच कसोटीस उतरावी लागते. अमेरिकेनें २००३ च्या डिसेंबरमध्यें स्पॅमविषयीं कायदा केला. भारतांत २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें संगणकांत व्हायरस सोडणाऱ्यास भरपाईस जबाबदार धरलें. त्या कायद्यांत पुढें घातलेल्या ६६-अ या कलमांत, त्रास देण्यासाठीं किंवा मूळ ठिकाण लपवून पाठविलेल्या ई-मेललाहि शिक्षा सांगितली होती. परंतु त्या कलमाची भाषा इतकी ढिली होती कीं, २०१२ सालीं पालघर येथील दोन तरुणींना केवळ फेसबुकवरील मतप्रदर्शनासाठीं अटक झाली. २०१५ च्या मार्चच्या २४ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें. जाळें फार रुंद टाकलें कीं त्यांत मासा कोणता आणि माणूस कोणता, हें कळेनासें होतें.

मूळ व्याधि अशी कीं, पत्रावरील नांवाची खातरजमा होत नव्हती. तिच्यावर औषध शोधण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. एस.पी.एफ. या पद्धतीनें प्रत्येक संस्था ‘आमचीं पत्रें अमुक सर्व्हरांवरूनच येतील’ असें जाहीर करूं लागली. तिचे नियम २००६ सालीं छापले गेले. २००७ सालीं डी.के.आय.एम. आलें, त्यांत पत्रावर गणिती मोहोर उमटविली जाते, आणि वाटेंत मजकूर बदलल्यास ती जुळत नाहीं. पुढें डी.एम.ए.आर.सी. नें, मोहोर न जुळल्यास पत्राचें काय करावें, हें सांगण्याची सोय संस्थेच्या हातीं दिली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल व याहू यांनीं घाऊक पत्रें धाडणाऱ्यांस हीं तिन्ही बंधनें घातलीं. गूगलच्या हिशेबीं दिवसास ५,००० पत्रें ही त्याची मर्यादा. अशा रीतीनें १९८२ सालीं राहून गेलेली तरतूद चार दशकांनंतर पुरी होत आली. परंतु मोहोर खरी आहे याचा अर्थ माणूस प्रामाणिक आहे, असा होत नाहीं. ठगहि आपल्या खऱ्या नांवाची मोहोर करून घेतो. आणि दरवाजाच्या किल्ल्या दोन-चार बलाढ्य कंपन्यांच्या हातीं एकवटल्या, म्हणजे लहान शाळेनें किंवा ग्रंथालयानें स्वतःचा सर्व्हर चालविणें अधिकाधिक कठीण होतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

२००४ च्या जानेवारींत बिल गेट्स यांनीं, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असें भाकीत केलें होतें. तो सुटला नाहीं. लोभ आणि कपट जोंवर स्वस्त आहेत, तोंवर पहारा उठवितां येणार नाहीं. पण प्रत्येक चुकीनें हा पहारा सुधारला, हेंहि तितकेंच खरें. यादीच्या चुकीनें दाद मागण्याची वाट घातली. खोट्या नांवाच्या गोंधळानें तोंडावर नाकारण्याची रीत आली. नव्या वर्षाच्या फजितीनें नियमांवरहि नजर ठेवावी लागते, हें शिकविलें.

हिरकणीच्या कथेचा शेवटहि असाच आहे. तिच्या उतरण्यानें तटाची उणीव दिसली, म्हणून तेथें बुरूज उभा राहिला. आणि तो तिच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. मेल-सर्व्हरचा चालक रोज सकाळीं संशयिताची पेटी उघडून पाहतो, तेव्हां त्यानें किती चोर धरले, हें मोजण्यापेक्षां त्यांत एखादी हिरकणी अडकली आहे कीं काय, हें आधीं पाहावें. ती सांपडली तर तिला सन्मानानें तिच्या घरीं पोंचवावें, आणि मग तटाच्या डागडुजीला लागावें.